आबांनी सांगितले होते

मरणाची सगळी तयारी आमच्या आबांनी हयातीतच करून ठेवली होती. देव्हाऱ्यात गंगाजलाची बाटली होती. तेरवीचे पैसे पोस्टात वेगळे ठेवले होते. बांधावरची वाळलेली बाभूळ त्यांनी कोणाला विकू दिली नाही. "ते माह्यासाठी हाय," असे हसत म्हणत. आमच्या डोणगावात म्हाताऱ्या माणसांच्या अशा तयारीत कोणाला अभद्र वाटत नाही. एकच गोष्ट आम्ही त्यांना करू दिली नाही.

एका संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मध्येच ते म्हणाले, "पोरी, माह्यं काही झालं त मले शहरात नेऊन नळ्या लावून ठेवू नोका. विनोबायनं कसं केलं? तसं घरीच जाऊ द्या." विनोबाजींनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला, ही गोष्ट आबा नेहमी सांगत. आतून आई कळवळून म्हणाली, "मामाजी, दिवेलागनीच्या वक्ताले असं काहून बोलता!" मीही, "आबा, तुम्ही शंभर वर्षं जगता," असे म्हणून पान उलटले. बोलणे तिथेच संपले.

मागच्या वर्षी तुरीच्या सोंगणीत आबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मेहकरहून त्यांना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात हलविले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, श्वासाला यंत्र लावायचे का? कागद इंग्रजीत होता. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, म्हणून तो माझ्या हातात आला. काका म्हणाले, घरी नेऊ. वडील म्हणाले, "पैशापायी बाप मारला, असं गाव म्हनन." दोघे भाऊ जिन्यात उभे राहून भांडले. आबा काय म्हणाले होते ते मला ठाऊक होते. मी बोलले नाही. खरे सांगायचे तर मला भीती वाटली, की मी बोलले आणि आबा गेले, तर ते माझ्या शब्दाने गेले असे होईल. मी कागद वाचून दाखविला. वडिलांनी सही केली.

अकरा दिवस आबा यंत्रावर होते. शुद्ध येत-जात होती. उजवा हात मधूनच नळीकडे जाई, म्हणून तो पट्टीने खाटेला बांधला होता. त्या हाताला काय सांगायचे होते हे आम्ही कोणी कोणाला विचारले नाही. बाराव्या दिवशी ते गेले. बाभळीचे लाकूड कामी आले. गंगाजल मात्र घरीच राहिले होते. दीड एकर गहाण पडले, आणि वडील व काका अजून जेमतेम बोलतात. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे रुग्णाचा शब्दच नव्हता. तो माझ्यापाशी होता.

पुढे राज्यशास्त्राच्या तासाला घटनेचे कलम २१ शिकविताना सरांनी अरुणा शानबाग यांची हकीकत सांगितली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कर्मचाऱ्याने केलेल्या हल्ल्यात तिच्या मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, ती त्याच रुग्णालयात पडून राहिली. पत्रकार पिंकी विराणी तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्यांनी तिची इतकी वर्षे सेवा केली त्या के.ई.एम.च्या लोकांना मात्र तिने जगावे असे वाटत होते. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांचेच म्हणणे मानले. दोन्ही बाजूंना तिची माया होती. पण तिला स्वतःला काय हवे होते, हे सांगणारा एक कागद नव्हता. सर पुढे बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो जिना होता.

असा कागद आता करता येतो. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात लिहायची, एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायची. मन बदलले तर कागदही बदलता येतो. सुई टोचून मारण्याशी याचा काही संबंध नाही. बरे होण्याची आशा उरली नाही आणि माणसाला स्वतः बोलता येत नाही, तेव्हाच तो उघडायचा.

हे सगळे मी दिवाळीच्या सुटीत आजीला सांगितले. ती शेंगा फोडत होती. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हातारीले टाकून देयाचा कागद त नाही ना हा?"

वाचकहो, या प्रश्नाने मी गडबडले. एवढा शहाणपणाचा प्रश्न आमच्या वर्गातही कोणी विचारला नव्हता. गरिबाच्या घरी असा कागद कोणाच्या सोयीचा होईल, हे ती माझ्यापेक्षा जास्त जाणून आहे. मी म्हटले, आजी, डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून होकार दिल्याशिवाय काही होत नाही. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही. पण थोड्या वेळाने सूप बाजूला सारून ती म्हणाली, "लिही. पन हेबी लिही, का दुखलं त औषध द्या, न तहान लागली त पानी पाजा. न बोलनाऱ्यात दोघायचंबी नाव टाक. एकाचं नोको."

वहीच्या पाठच्या पानावर मी ते तिच्याच शब्दांत उतरून घेतले आहे. येत्या रविवारी तिने काकांना जेवायला बोलावले आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही.