पॅरिटी बंद केली तेव्हा

कापसाच्या एकाधिकार खरेदीची पकड २००२ च्या सुमारास सुटली आणि धुळे-जळगाव पट्ट्यात खासगी जिनिंगला जोर आला. नवे भुईकाटे बसले, ऑफिसांत कॉम्प्युटर आले. मी तेव्हा जळगावात राहून अशी जोडणीची कामं घेत होतो. धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये काटा गेटपाशी आणि ऑफिस पार मागच्या अंगाला, मध्ये तीनशे मीटरपेक्षा जास्त अंतर. काट्याच्या केबिनमधला इंडिकेटर वजनाचे आकडे सिरियल पोर्टातून सतत पाठवत असतो. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यावेत आणि काटापावती तिथंच छापावी, असं मालकांचं म्हणणं होतं. अशा सिरियल पोर्टासाठीचं आरएस-२३२ चं जुनं प्रमाण पन्नास फुटांपर्यंतचं. त्यापुढे जायचं तर दोन्ही टोकांना शॉर्ट-हॉल मोडेम आणि मध्ये टेलिफोनची पिळाची केबल.

मोडेमचा भाग सरळ होता. डीटीई-डीसीईचं बटण योग्य बाजूला हवं, एका टोकाची पाठवायची जोडी दुसऱ्या टोकाच्या घ्यायच्या जोडीला जायला हवी, आणि वेग, बिट, पॅरिटी दोन्हीकडे एकच हवी. इंडिकेटर ९६०० वेगाने, सात बिट आणि सम पॅरिटीवर बोलत होता. पॅरिटी म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा, आठवा बिट.

घोळ केबलमध्ये झाला. टेलिफोनच्या जेलीवाल्या केबलमध्ये पहिली जोडी पांढरी-निळी, दुसरी पांढरी-नारिंगी, तिसरी पांढरी-हिरवी, चौथी पांढरी-तपकिरी. वरचं आवरण सोलून, जेली रॉकेलने पुसून तारा मोकळ्या केल्या की पीळ सुटतो, आणि कुठली पांढरी कुणाची ते कळत नाही. मी पांढऱ्या तारा बाजूला ठेवल्या आणि फक्त रंगीत वापरल्या. निळी आणि नारिंगी पाठवायला, हिरवी आणि तपकिरी घ्यायला. दोन्ही टोकांना रंग ओळखायला सोपे. मल्टिमीटर लावला, चारही तारा टोकापर्यंत सलग. लूपबॅक टेस्टही निर्दोष. पण निळी तार जिच्याशी पिळलेली होती ती पांढरी मोकळीच लोंबत होती. वापरातल्या चार तारांपैकी एकीलाही तिची जोडीदार नव्हती.

तारा पिळतात त्या बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा म्हणून. पलीकडचा मोडेम दोन तारांमधला फरक वाचतो, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. ग्रॅहम बेलने याचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं, आणि मला ते पाठही होतं. तरी सोय बघून मी जोड्या मोडल्या. शिवाय केबल टाकली ती जिनच्या मोटारींना जाणाऱ्या पॉवर केबलच्याच चरातून, कारण चर आधीच खोदलेला होता. आणि सगळी तपासणी केली दसऱ्याआधी, कारखाना बंद असताना.

दिवाळीनंतर हंगाम भरात आला. जिनच्या आणि प्रेसच्या मोटारी चालू-बंद व्हायला लागल्या की ऑफिसातल्या पडद्यावर पॅरिटीची चूक झळकायची आणि पावती अडायची. बाहेर ट्रॅक्टरांची रांग. फोन आला, मी एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने पोहोचलो. सगळे घाईत होते, मीही होतो. मी कॉम्प्युटरवर आठ बिट, पॅरिटी नाही असं ठरवलं आणि आठवा बिट प्रोग्रॅममध्ये छाटून टाकला. चूक दिसायची बंद झाली. मालकांनी चहा पाजला, आणि मी काम दुरुस्त झालं असं सांगून निघालो.

पॅरिटी काय करते हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तीनचा आकडा ०११००११ आणि सातचा ०११०१११, मध्ये एकाच बिटाचा फरक. वाटेत तो बिट उलटला तर एकांची संख्या समची विषम होते आणि तेवढ्यानेच पॅरिटी ओरडते. मी तो पहारेकरी उठवून घरी पाठवला होता.

काही दिवसांनी साक्री भागातले एक शेतकरी पावती हातात धरून ऑफिसात आले. भरलेलं वजन बरोबर होतं, रिकामं ३,७८० किलो छापलं होतं. "मनी रिकामी ट्रॉली इतली जड नही शे, भाऊ," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. सुरुवातीला कुणी ऐकलं नाही, कॉम्प्युटरची पावती म्हणून. त्यांनी ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर चढवला. केबिनमधल्या इंडिकेटरवर ३,३८० आले. रिकामं वजन चारशे किलोने वाढलं म्हणजे माल तेवढाच घटला: चार क्विंटल कापूस, क्विंटलला दोन हजारांच्या आसपासच्या भावाने आठ हजार रुपये. काटा बरोबर होता, त्याच्यावरचा वैधमापनाचा शिक्काही बरोबर होता. खोटा आकडा माझ्या केबलने तयार केला होता आणि मी बदललेल्या प्रोग्रॅमने तो आत घेतला होता.

मालकांना मी पॅरिटीचं सगळं सांगितलं. केबल वेगळ्या चरातून नेली, या वेळी पांढरी-निळी आणि पांढरी-नारिंगी अशा खऱ्या जोड्या धरल्या आणि पीळ टर्मिनलच्या स्क्रूपर्यंत टिकवला. केबलच्या कवचाला दोन्हीकडे अर्थिंग दिलं होतं, ते फक्त ऑफिसच्या टोकाला ठेवलं. पॅरिटी परत चालू केली. वेग १२०० वर आणला, म्हणजे एक बिट आठपट जास्त वेळ तारेवर थांबतो आणि छोटा झटका त्याला सहज उलटवत नाही. वजनाचे दहा-बारा आकडे पाठवायला ९६०० ची मुळात गरजच नव्हती. आणि लागोपाठ आलेली वजनं जुळल्याशिवाय पावती छापायचीच नाही, अशी अट प्रोग्रॅममध्ये घातली.

मग मागच्या पावत्या काढून बसलो. जे ट्रॅक्टर हंगामात पुन्हा पुन्हा आले होते त्यांची रिकामी वजनं शेजारी शेजारी मांडली की चुकलेली लगेच दिसत होती. त्या शेतकऱ्यांना मालकांनी फरक दिला, आणि माझ्या बिलातून तो कापून घ्या असं मी सांगितलं. जे एकदाच येऊन गेले त्यांची पावती ताडून बघायला काहीच हातात नव्हतं. काटाबाबू पूर्वी प्रत्येक गाडीचं वजन वहीत लिहीत असत. कॉम्प्युटर बसला त्या दिवशी, आता वहीची गरज नाही, असं मीच त्यांना सांगितलं होतं.