कापसाच्या पेठेत मोटारसायकलची पारख

कापूस विकून चार पैसे गाठीला आले की घरातला तरुण मुलगा मोटारसायकलचा विषय काढतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. फवारणीचे औषध, दुधाची किटली, पंपाचा बिघडलेला स्टार्टर आणि अडीअडचणीला आजारी माणूससुद्धा आज दुचाकीवरूनच जातो. पण पुष्कळ घरांत ही खरेदी टाकीचा रंग बघून होते आणि पहिल्या पावसाळ्यातच पांदणीच्या चिखलात पश्चात्तापाची वेळ येते. म्हणून आज तुम्हाला मुंबईतल्या कॉटन ग्रीनला नेतो. कापसाचा आणि मोटारसायकलचा संबंध काय, हे तिथे गेल्यावर कळेल.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बरची लोकल धरा. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग कॉटन ग्रीन. ग्रीन म्हणजे हिरवळ. पूर्वी कापसाचा बाजार फोर्टात टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर भरे. गाठींची गर्दी मावेना म्हणून 1844 साली तो कुलाब्याला हलवला. पुढे बंदराच्या ट्रस्टने माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून जमीन केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बाजार इथे आला. जागा बदलली, नाव मात्र कापसाबरोबर चालत आले.

स्टेशनसमोरच कॉटन एक्स्चेंजची जुनी, दणकट इमारत आहे. 1921 साली स्थापन झालेली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने इथूनच काम करते. रुईचा भाव अजूनही खंडीवर बोलतात. ही आपली धान्याची खंडी नव्हे, कापसाची खंडी 355.62 किलोची. यवतमाळ, जळगाव, परभणीकडच्या कितीतरी पिढ्यांच्या घामाचे मोल या परिसरात ठरले. पश्चिमेला काळाचौकी-लालबागच्या गिरण्या होत्या. 1982 च्या संपानंतर त्या एकेक करून थंडावल्या. आज बहुतेकांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. कापसाचा पारखी गाठीचे बारदान बघून भाव करीत नाही. तो गाठीच्या आतून नमुना ओढतो. दोन्ही हातांच्या चिमटीत रुई धरून पुन्हा पुन्हा ओढतो, तंतू सरळ करतो, काळ्या कापडावर ठेवून त्यांची लांबी बघतो. मग रंग आणि कचरा. आज हे काम यंत्रेही करतात आणि तंतूची ताकद, बारीकपणा आकड्यांत सांगतात. पण नियम तोच: नमुना आतून काढावा. हाच नियम आपण मोटारसायकलला लावू.

पण आधी कोणती गाडी घ्यावी ते ठरवा. परदेशात ट्रायल्स नावाचा मोटारसायकलींचा एक खेळ आहे. त्यात वेगाला किंमत नाही. दगड, ओढा, चिखल, चढ यांतून पाय जमिनीला न टेकता गाडी काढायची. पाय टेकला की दंडाचा गुण. इंग्लंडचा जॉनी ब्रिटन रॉयल एनफिल्ड बुलेटवर बसून स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स 1952 आणि 1957 साली जिंकला. त्याच्या आठवणीसाठी कंपनीने 2019 मध्ये भारतात बुलेट ट्रायल्स ही गाडी आणली होती. ती आता बंद झाली आहे. खऱ्या खेळाच्या आजच्या गाड्या सत्तर किलोच्या आसपास असतात, बुलेट मात्र पावणेदोनशेच्या पुढे. आपली पांदण म्हणजे रोजची ट्रायल्सच. म्हणून डांबरी रस्त्यावरचा वेग विचारू नका. हलकी, पोटाखाली जागा असलेली, पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने न रखडता चालणारी गाडी बघा. चिखलात आडवी पडली तर एकट्याने उचलता यावी. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्या एकशेदहा-वीस किलोच्या असतात. बहुतेक घरांना त्या पुरतात.

जुनी गाडी घेताना नमुना असा ओढा.

इंजिन थंड असताना जा. आधीच तापवून ठेवले असेल तर शंका घ्या. सुरू केल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे आणि मोठा खर्च पुढे आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा; दातापासून बरीच सुटत असेल तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागेल. मेन स्टँडवर लावून पुढचे चाक उचलायला सांगा आणि हँडल हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला. मागचे चाक आडवे हलवा. खेळ लागला तर बुश किंवा बेअरिंग झिजले. स्पोक असतील तर पान्याने एकेक वाजवा. सैल स्पोक बद्द वाजतो. हँडलखाली चेसिसला नवे वेल्डिंग दिसले तर नमस्कार करून परत या. नोंदणी पुस्तकातले चेसिस आणि इंजिनाचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. नावावर करण्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, आणि कर्ज असेल तर 35 नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका.

गाडी घरी आली की निगा बायकामुलांनाही शिकवा. चिखलातून आल्यावर पाण्याने धुवा, पण पंपाचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर मारू नका. बेअरिंगमध्ये पाणी शिरते. धुतल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबून चालवा, म्हणजे लायनर सुकतात. चेन पुसून तेल द्या आणि पुस्तकात दिल्याइतकी सैल ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर तुंबतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, किंचित तेल लावून बसवा. कागदी धुऊ नका, झटका किंवा बदला. चिखलात चाकातली हवा तीन-चार पौंड कमी केली तर पकड येते. फार कमी केली तर मात्र ट्यूब रिममध्ये फिरून वॉल्व्ह तुटतो. डांबरीला लागताच हवा पुन्हा भरा. चढाला ओढ कमी पडत असेल तर पुढचा 14 दातांचा स्प्रॉकेट काढून 13 चा बसवता येतो. ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते, वेग तेवढाच कमी होतो.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर लगेच किक मारू नका. प्लग काढा, किक मारून आतले पाणी बाहेर फेका, आणि ऑइल दुधासारखे दिसले तर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नसतो. तिथे पेट्रोलच्या नळ्या बांधावर खोलत बसू नका, आधी बॅटरी आणि फ्यूज बघा. डिकीत एक प्लग, प्लगपाना, क्लचची केबल, चेन लॉक आणि पंक्चरचे सामान असू द्या. मागच्या चाकाची जाळी काढू नका. साडीचा पदर अडकून झालेले अपघात आपण ऐकतोच. आणि हेल्मेट दोघांनाही.

कॉटन ग्रीनच्या पुढचेच स्टेशन शिवडी. तिथून समुद्रावर गेलेला अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झाला. त्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि बैलगाडीला मज्जाव आहे. वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या सेतूवर मोठी वाहने जाऊ द्या. आपली गाडी पांदणीची आहे, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे झाले तर ती चिखलात अडकता कामा नये. कापसाचे पैसे मोजण्यापूर्वी एवढे एकदा बघून घ्या.