दारोदारची विद्या

जाहिरात म्हणजे गावभर दवंडी, अशी आपली समजूत असते. धरमपेठेतल्या आमच्या पुतणीचीही तीच होती. नवऱ्याची नोकरी सुटली, तेव्हा तिने चकल्या-अनारशांचा धंदा मांडला आणि गाठीचे दहा हजार रुपये मोबाइलवरच्या जाहिरातींत ओतले. पुण्या-मुंबईहून वाहवा आली. मागणी मात्र एक नाही! येणार कशी? माल नागपुराबाहेर जात नव्हता आणि जाहिरातीत ना भाव होता, ना फोन नंबर.

खरे तर ही विद्या नागपूरकरांना नवी नाही. केशव विष्णू पेंढरकर नागपूर सोडून मुंबईला गेले, १९५२ साली त्यांनी ‘विको’ काढली आणि मुलांसह दारोदार हिंडून दंतमंजन विकले. दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’चे प्रायोजक होणे आले ते १९८४ साली. आधी गिऱ्हाइकाशी बोलणे, मग दवंडी!

पुतणीने मग जाहिरात नागपूरपुरतीच ठेवली, भाव आणि नंबर ठळक घातले. कुणी विचारले की तासाभरात उत्तर जाते. कोणत्या जाहिरातीवरून कोण आले, हे ती वहीत टिपते. जी चालत नाही ती बंद करते. परवा तिने दुसरी कढई घेतली. ‘लाइक’ किती आले, हे आता ती सांगत नाही. डबे किती गेले, तेवढेच सांगते.