सगळ्यात हिरवी जागा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या अंगणातले तुषार उठेनासे झाले. जुळे सोलापुरातलं घर, समोर वीस बाय पंधरा फुटांची हिरवळ, तिच्यात सहा पॉप-अप. मोटर लावली की डोकी बोटभर वर यायची, पाणी तिथल्या तिथं ओघळायचं. फाटकाजवळचं सहावं डोकं तर हलायचंच नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई संध्याकाळी या गवतावर अनवाणी चालते, तेवढंच तिचं फिरणं. गवत पिवळं पडताना बघवत नव्हतं, आणि जमिनीखाली काय पुरलंय याची मला कल्पनाच नव्हती.

आधी वाटलं, बोअरचं पाणी गेलं. पण मोटरजवळचा नळ जोरात चालत होता. मग गच्चीवरची भरलेली टाकी लाइनला जोडून पाहिली. तुषार उठलेच नाहीत. शेवटी सांगोल्याच्या मामांना फोन केला. त्यांची डाळिंबाची बाग, ठिबकात हयात गेलेली.

"टाकी भरली म्हणून जोर येत नाही रे, उंचीनं येतो. दहा मीटरला एक किलो. तुझी गच्ची सहा मीटर. तुषारला दोन किलो तरी पायजे. लगेच उकरू नको. जोर कुठं मरतोय ते एकेक टप्प्यानं बघ."

त्यांच्या सांगण्यावरून फिल्टरच्या अलीकडं-पलीकडं गेज बसवले. आधी 2.2 किलो, नंतर 1.1. दोन्हींत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर तुंबला समजायचं. मोटर बंद करून जाळी काढली, तर तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा थर आणि गाळ. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. शेतातलं ॲसिड घरात आणायचं नाही, असं मामांनी बजावलं होतं. मी जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवली, नोझल जुन्या ब्रशनं घासले. सुई घालायची नाही. भोक मोठं होतं आणि फवारा बिघडतो.

आता गेज 1.8 आणि 1.6 दाखवू लागले. चार डोकी उभी राहिली, शेवटची दोन मात्र अर्धवटच.

"गळती हाय," मामा म्हणाले. "गवत कुठं जास्त हिरवं हाय?"

मी गप्प झालो. सगळं पिवळं पडत असताना कडुनिंबाजवळ परातीएवढी जागा गर्द हिरवी होती. आई रोज कौतुकानं तिच्यावरच जाऊन उभी राहायची.

तिथंच फूटभर खणलं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. त्या ओढीनं एल्बोतून पाइप निसटला होता. सोलापूरला उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं, नळाला काही दिवसांआड. आणि इथं आमचं बोअरचं पाणी किती आठवडे जमिनीत मुरत होतं कोण जाणे. खड्ड्याच्या काठावर बसून त्याचं फार वाईट वाटलं. नवा एल्बो चिकटवला, एक दिवस सुकू दिला, भोवती वाळू भरली म्हणजे माती थेट ओढणार नाही.

आता पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, दहा मिनिटं लाइन लावतो. सहाही डोकी उठतात. कडुनिंबाजवळची जागा मात्र बाकीच्या गवतासारखीच फिकी झाली आहे. आई तिथं थांबते, पायानं चाचपते आणि विचारते, "इथलंच गवत का रे सुकलं?"