सुट्टीचा एक दिवस

१९८६ ची गोष्ट. शेती सांभाळून मी तालुक्याच्या मिशन दवाखान्याची जीप चालवायचो. तिथं अमेरिकेहून एक म्हातारं जोडपं सेवेला आलं होतं. म्हातारा दारं-खिडक्या दुरुस्त करायचा, म्हातारी पेशंटांचे कपडे शिवायची. पगार नाही, उलट तिकीटसुद्धा पदरचं! महिन्यानं एक दिवस सुट्टी घेऊन दोघं वेरूळ बघायला निघाले.

कैलास लेण्यापुढं म्हातारा थबकलाच. आधी कळस, मग खाली खाली पाया. बाराशे वर्षांपूर्वीचं काम! मोडक्या इंग्रजीत मी म्हणालो, "साहेब, आम्ही विहीर खांदतो तसंच." तो हसला नाही. सुतार माणूस, कातळावरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोटं फिरवत राहिला.

म्हातारीनं विचारलं, "तुझ्या आईनं हे पाहिलंय?"

आई दर श्रावणात घृष्णेश्वराला यायची. लेणी तिथनं जवळच. पण दर्शन झालं की परतीच्या एसटीची घाई. घरी म्हशीची धार काढायची असायची.

रात्री आईला म्हणालो, "येत्या सोमवारी चल, लेणी दाखवतो."

"कापूस येचून होऊ दे."

कापूस झाला, मग ज्वारीची काढणी आली. त्या उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले ते धरलेच.

नाताळात म्हातारीचं पत्र आलं. आईनं लेणी पाहिली का, असं विचारलं होतं. उत्तरात मी पीकपाणी लिहिलं.