आटा आणि आटापिटा

वेगाची हाव मनुष्याच्या पायांत नसून डोळ्यांत असते, असे आमचे मत आहे. शेजारच्याचे वाहन पुढे जाताना दिसले नाही, तर आपले मंद चालते अशी तक्रार फारसे कोणी करणार नाही. पाण्यावर तर ही हाव अधिकच अनावर होते. कारण तेथे मैलांचे दगड नसतात, पुढे गेलेली होडी मात्र स्पष्ट दिसते.

हे विचार मनात येण्यास कारण झाला तो आमचा एक माजी विद्यार्थी. पदवी घेऊन तो मालवणकडील आपल्या गावी परतला आणि देवबागेस, कर्ली नदीच्या मुखाशी, प्रवाशांस खाडीची सैर घडवू लागला. बँकेचे कर्ज काढून त्याने फायबरची होडी घेतली व तिच्या पाठीस चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड यंत्र लावले. यंत्राच्या पंख्यावर पिचचा आकडा होता १३. एकट्याने फेरी मारली म्हणजे होडी बाणासारखी जाई. पण दहा प्रवासी बसले की नाक वर करून पाणी नांगरीत चाले, आणि इतरांच्या होड्या पुढे निघून जात. शेवटी त्याने आम्हांस विचारले, "सर, पंधरा पिचचा पंखा बसवला तर वेग वाढेल ना?"

पदार्थविज्ञान शिकविण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. तेव्हा प्रश्न योग्य दारी आला होता. सुताराचा स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा शिरतो, तेवढा त्याचा आटा. होडीचा पंखा हाही पाण्यातला स्क्रूच होय. पिच १३ म्हणजे, पाणी लाकडासारखे घट्ट असते तर एका फेऱ्यात होडी १३ इंच पुढे सरकली असती. यंत्राचे मिनिटास ५५०० फेरे धरले, तर त्याच्या दातेरी चाकांतून ते निम्मे होऊन पंख्याच्या वाट्यास २७५० येतात. त्यांस १३ने गुणले म्हणजे ताशी सुमारे २९ सागरी मैल होतात. पाणी निसटते असल्याने त्यांतले पंधरा टक्के वजा केले, तर पदरी पंचवीस पडतात.

ह्याच हिशेबाने पंधराच्या पंख्यास अधिक वेग मिळावयास हवा. कागदावर तो मिळतोही! परंतु पंखा फिरवावयाचा असतो यंत्राने, कागदाने नव्हे. आटा लांबला की प्रत्येक फेऱ्यात अधिक पाणी मागे लोटावे लागते आणि फेरे कमी होतात. पिच एक इंचाने वाढवले तर सामान्यतः मिनिटास दीडशे ते दोनशे फेरे घटतात, आणि कमी केले तर तितकेच वाढतात.

अधिक आट्यात अधिक फळ, ही समजूत जुनी आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ ह्याने १८३६ साली नौकेच्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याच्या लाकडी स्क्रूस दोन पूर्ण वेढे होते. १८३७ साली कालव्यात चाचणी चालली असता त्याचा निम्मा भाग मोडून पडला, आणि नौका पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागली! तेथे प्रश्न पिचचा नसून वेढ्यांचा होता, हे खरे. तरी आपल्या कल्पनेपेक्षा पाण्याचे मत निराळे असू शकते, हे त्यावरून कळते.

म्हणून आम्ही त्या मुलास सांगितले, "पंखा विकत घेण्यापूर्वी फेरे मोज. पाणी शांत असताना दहा माणसे बसव, टाकी भर, मूठ पूर्ण पिळ आणि काटा काय दाखवितो ते लिहून ठेव. मग तेच एकट्याने कर." त्याच्या यंत्राच्या पुस्तिकेत पूर्ण मूठ पिळल्यावर ५००० ते ६००० फेरे असावेत, असे लिहिले होते. त्याला आढळले ते असे: एकट्याने ५६००, दहा माणसांनिशी ४७००.

उत्तर ह्या दोन आकड्यांतच होते. भरल्या होडीत यंत्र खालची मर्यादाही गाठत नव्हते. घाटात मोठ्या दात्यावर सायकल चालविणाऱ्याप्रमाणे ते कुंथत होते. असे यंत्र तापते, त्याच्या दट्ट्यांवर व बेअरिंगांवर भार पडतो, आणि कर्जाचे हप्ते संपण्यापूर्वीच दुरुस्तीची बिले सुरू होतात. त्यास पंधराचा नव्हे, अकराचा पंखा हवा होता.

"गावात हसतील, सर. लहान पंखा लावला म्हणतील."

त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. धंद्यात लौकिकासही किंमत असते. परंतु नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, आणि त्यावर लाट फुटते. तेथे भरली होडी मागितल्या क्षणी उचलली पाहिजे. शर्यत हरली तर चार लोक हसतील. तेथे यंत्र कमी पडले तर दहा घरांत रडे होईल. एवढे आम्ही त्यास सांगितले आणि गप्प बसलो.

आठवडाभर विचार करून त्याने अकराचा पंखा बसविला. दहा माणसांनिशी फेरे ५१०० झाले, आणि होडी पाणी नांगरण्याऐवजी पाण्यावर उचलली जाऊ लागली. एकट्याने ते ५९५०पर्यंत गेले; म्हणजे वरची मर्यादाही ओलांडली नाही. रिकाम्या होडीचा वेग दोनएक सागरी मैलांनी घटला खरा; पण रिकाम्या होडीचे भाडे तरी कोण देतो?

अध्यापनाच्या धंद्यातही असाच एक पंखा असतो. पहिल्या बाकावरील दोन हुशार मुलांकडे पाहून शिकविले, तर अभ्यासक्रम दिवाळीपूर्वी संपतो आणि प्राध्यापकाचा लौकिक वाढतो. मागच्या बाकांवर काय चालले आहे, हे दाखविणारा काटा मात्र वर्गात बसविलेला नसतो. तो मागे जाऊन, वह्या उघडून पाहावा लागतो. आटा किती ठेवावा हे तेथेच ठरते.