सौदा चालू असताना

पहिली-दुसरीत खेळ किती आणि अभ्यास किती, हे पालक विचारतात, केंद्रातल्या बैठकीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात, आणि जूनमध्ये वेळापत्रक आखायला बसले की मीही विचारात पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास दिलेले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. या चार तासांची खेळ आणि अभ्यास अशी वाटणी करायला गेलं की दोन्ही बिघडतं, असं माझं मत झालं आहे. त्याऐवजी मी एक खूण धरली आहे. वर्गात खेळ रंगला की मी उठून व्हरांड्यात जाते, पाण्याची टाकी बघते, शेजारच्या वर्गात डोकावते आणि परत येते. खेळ चालूच असेल, तर तो लेकरांचा आहे. थांबला असेल, तर तो माझाच पाठ होता, त्याला फक्त उड्या आणि टाळ्या जोडल्या होत्या.

सहा वर्षांच्या लेकराला हा फरक फार लवकर कळतो. फरशीवर अक्षरं लिहून ‘क वर उडी मार’ म्हटलं की लेकरू मारतं, कारण बाईंनी सांगितलंय आणि उडी मारायला मजा येते. पण ‘क’शी त्याचं काही अडलेलं नसतं. तिथे ‘ग’ असता तरी उडी तेवढीच लांब गेली असती. खेळ खरा असेल तर त्यात संख्येवाचून, अक्षरावाचून लेकराचं अडतं. अडलं की ते मागतं. ते मागेल त्या वेळी देता यावं म्हणून मी जवळपास असायचं, एवढंच मला या कामातलं मुख्य कसब वाटतं, आणि ते अजूनही रोज सवयीनं कमवावं लागतं.

2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. तिथून आल्यावर गावोगावच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. चौकटी, शब्दांच्या वेली, संख्यांच्या पट्ट्या. त्या लाटेनं आमच्यासारख्यांचं एक मोठं भलं केलं: शिक्षक खुर्चीवरून उठून फरशीवर लेकरांच्या बरोबरीनं बसला. ते मला आजही मोलाचं वाटतं. पण रंगवलेली चौकट कायमची असते, आणि कायमच्या वस्तूवरून लेकरं चालत जातात. खडूचा तुकडा हातात दिला तर तीच लेकरं स्वतः चौकटी आखतात, कुणाची रेघ वाकडी गेली यावर भांडतात, खापराची ठिकरी टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुसून नवं आखतात. म्हणून माझ्या वर्गात रंगाच्या डब्यापेक्षा खडू जास्त लागतात.

साधनाच्या बाबतीत मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा आधार वाटतो. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं, ते बालवाडीवाल्यांपुरतं आहे असं समजून आपण पहिलीच्या शिक्षकांनी बाजूला ठेवलं. आदिवासी पाड्यांवरची लेकरं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. लेकरं गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात नेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. लेकराच्या हाताला रोज लागणारी वस्तू घ्यायची आणि तिच्यात शिकण्यासारखं काय आहे ते मोठ्या माणसानं शोधायचं, हा त्यांचा मार्ग. आमच्या मुरुम गावाला शंख-शिंपले कुठून येणार? इथे काळी माती आहे, तूर आहे, चिंचोके आहेत, बाभळीच्या शेंगा आहेत. आणि आडत आहे.

मुरुमला बाजार समिती असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतला माल इथे येतो. तूर, उडीद, मूग, सोयाबीन, हरभरा. वर्गातल्या कुणाचा बाप शेतकरी, कुणाचा हमाल, कुणाचा चुलता मापाडी, कुणाचा मामा टेम्पोवर. त्यामुळे आडतीचा खेळ मला सुचवावा लागला नाही. तो मधल्या सुट्टीत, खिचडीची ताटं घासून झाली की, भिंतीच्या सावलीत आधीपासून चालायचा. मी केलं ते इतकंच, की त्याला वर्गात जागा दिली. दोन करवंट्या, एक काठी आणि सुतळी यांचा काटा झाला. एका आजीनं चिंध्यांच्या छोट्या थैल्या शिवून दिल्या, ते कट्टे झाले. घरून मूठ-मूठ तूर आणि चिंचोके आले. शेतकरी, आडत्या, व्यापारी, मापाडी, हमाल, सगळी माणसं वर्गातच होती.

आता सौदा बघा. आडत्या थैली पुढे करतो आणि व्यापारी बोली लावतात. नियम एकच: मागच्यापेक्षा वरचं बोलायचं. कुणी ‘अठरा’ म्हणतं, कुणी ‘एकवीस’, आणि मग एखादं घाईघाईनं ‘एकोणीस’ म्हणून जातं. लगेच गलका होतो, “बाई, ह्यो कमी बोलायलाय!” ज्यानं चूक केली तो बोटं मोजतो, भिंतीवरची संख्यापट्टी बघतो आणि बावीसवर येतो. लहान-मोठी संख्या ओळखा, हा पुस्तकातला स्वाध्याय. तिथे लेकरू दोन संख्यांमध्ये खूण काढतं आणि पुढच्या ओळीला जातं. इथे तीच तुलना एका सौद्यात कितीतरी वेळा होते, तोंडी होते, आणि चुकली तर माल हातचा जातो. बरोबर-चूक मला सांगावं लागत नाही, ते बाजार सांगतो.

मी मध्ये कधी शिरते? आडत्या होऊन नाही, कारण आडत्याच्या हातात सगळा डाव असतो आणि बाई आडत्या झाल्या की लेकरं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी व्यापारी होते. कोपऱ्यात बसते, आणि बोली अठ्ठावीसवर अडली की शांतपणे ‘एकोणतीस’ म्हणते. ही संख्या मी ठरवून काढते. एकोणतीसमध्ये ‘तीस’ ऐकू येतं, म्हणून पुष्कळ लेकरांना ती तिसाच्या पुढची वाटते. मग कुणी म्हणतं, “तीस बोललं तर कमीच की.” कुणी म्हणतं, नाही, जास्त. सौदा थांबतो, वाद लागतो, आणि मी काहीच बोलत नाही. या न बोलण्याला फार जोर लावावा लागतो. उत्तर ओठावर आलेलं असतं, घड्याळ पुढे चाललेलं असतं. पण त्या वेळी मी ‘तीस मोठं’ म्हणून टाकलं तर त्या वादाचा जीवच जातो.

असाच वाद चालू असताना एकदा कानडी घरातली एक मुलगी पुढे आली. ती तोवर वर्गात फारशी बोलायची नाही. आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेला लागून, त्यामुळे वर्गात मराठीबरोबर कानडी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी घेऊन लेकरं येतात. तिनं चिंचोके ओढले, दहा-दहाचे दोन ढीग केले, बाजूला नऊ मोजले आणि म्हणाली, “इप्पत्तोंबत्तु.” कानडीत वीस आधी आणि नऊ नंतर. तिच्या घरच्या मोजणीत ही संख्या विसाच्या घरातली आहे हे उघडच दिसतं. आमच्या मराठी लेकरांना ते ढीग बघून पटलं. त्या दिवसानंतर वाद झाला की लेकरं तिच्याकडे जाऊ लागली.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे आपली बाजू मांडत राहिल्या. मला त्या वेळी टीका करणाऱ्यांचं वाईट वाटलं, कारण त्यांतल्या बहुतेकांनी 47 ऐकून 74 लिहिणारं लेकरू जवळून पाहिलेलं नसावं. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. मोठ्यांना सवयीनं हे जाणवत नाही, सहा-सात वर्षांच्या लेकराची मात्र तिथे रोज ओढाताण होते. एकोणतीस, सत्तेचाळीस ही नावं लेकरांना आलीच पाहिजेत, आडतीवर दुसरं काही चालणार नाही. पण संख्येच्या पोटात काय आहे ते दाखवायला ‘वीस नऊ’ लागतं. मी दोन्ही वापरते, आणि कानडीची मोजणी भिंतीवर तिसऱ्या रांगेत लावली आहे.

घरची बोली वर्गात आणायची म्हटलं की फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आठवतात. अमेरिकेतून येऊन फलटणच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञ बाई पुढे तिथेच शाळा काढून राहिल्या. माणूस ज्या बोलीत भांडतो, घासाघीस करतो, त्या बोलीत तो विचारही करतो, हे मला आडतीच्या खेळात रोज दिसतं. सौदा चालू असताना मी कुणाचं ‘हाय’चं ‘आहे’ करत नाही. प्रमाण मराठी येते ती पट्टीवर.

पट्टी म्हणजे हिशोबपट्टी. माल विकला की शेतकऱ्याला ती हवीच असते, आणि खेळातला शेतकरी ती घेतल्याशिवाय हलत नाही. सुरुवातीला आडत्या कागदावर नागमोडी रेघा ओढतो आणि शेतकरी ती घडी घालून खिशात ठेवतो. दोघांचंही समाधान असतं. काही आठवड्यांनी कुणीतरी विचारतं, यावर माझं नाव कुठं आहे? तिथून लिहिणं सुरू होतं. आधी नाव, कारण ते हजेरीत रोज ऐकलेलं आणि दप्तरावर लिहिलेलं असतं. मग ‘तूर’. मग आकडा. एका मुलानं मित्राच्या नावाचा काना खाल्ला, तर मित्र पट्टी घेईना. “हे मी न्हाई,” म्हणाला. काना-मात्रेवर मी तासभर बोलले असते तरी इतकं पोचलं नसतं.

हमालाचं पोर या खेळात फार मोठं होतं. माझ्याकडे एक मुलगा असा होता की पुस्तक उघडलं की त्याची नजर खिडकीबाहेर. पण आडतीत हमाली किती, तोलाई किती, कोणाची कोणाकडून कापायची, हे सगळ्या वर्गाला तोच सांगायचा. पट्टीत हमाली मांडायची राहिली की तो सौदा अडवायचा. त्याला वजाबाकी कागदावर येत नव्हती, तोंडी मात्र पक्की होती. मी त्याच्याच पट्टीवर त्याच्याच तोंडची वजाबाकी मांडून दाखवली, आणि त्यानं ती ओळखली.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या आगेमागे काही लेकरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. काही गुढीपाडव्याला परततात. मध्ये अक्षरं पुसट झालेली असतात आणि वर्ग पुढे गेलेला असतो. असं लेकरू परत आलं की मी त्याला पहिले काही दिवस वही काढायला लावत नाही. आडतीत हमाल व्हायला कुणालाच वाचता यावं लागत नाही. तिथून ते हळूहळू मापाडी होतं, मग व्यापारी, मग कधीतरी पट्टी लिहायला बसतं. त्याची जागा त्यालाच सापडते.

याचा अर्थ सगळं खेळातून येतं असा मी धरत नाही. अक्षराचं वळण खेळातून येत नाही. पेन्सिल कशी धरायची, ‘भ’ आणि ‘म’ची सुरुवात कुठून, यासाठी बसावंच लागतं, गिरवावंच लागतं, आणि मी रोज बसवते. लेकरं बसतातही, कारण पट्टी वाचता आली नाही की काय होतं ते त्यांनी बघितलेलं असतं. आणि उलट, प्रत्येक खेळातून काही काढायलाही मी जात नाही. मुली गजगे खेळत बसल्या असतील तर तिथे मी संख्या मोजायला लावत नाही. शिवणापाणी म्हणजे धावणं आहे. त्यात धावू द्यावं.

पालकांचं मात्र मी मनापासून ऐकते. ज्या आईनं स्वतः शाळा पाहिली नाही, ती संध्याकाळी वही उघडून बघते आणि पान कोरं दिसलं की घाबरते. तिची भीती खरी आहे. तिच्या लेकराला दुसरी संधी मिळेल याची खात्री तिला कुणीच दिलेली नाही. म्हणून पट्ट्या मी आता वहीत चिकटवते. आई पट्टी बघते, बाप बघतो, आणि बाप हमाल असेल तर हिशोबातली चूकही काढून पाठवतो.

निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यात पहिलीच्या शेवटी 99 पर्यंतच्या संख्या आहेत, दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचणं आहे, आणि 9999 पर्यंतच्या संख्या थेट तिसरीत. मुलांची गाडी मात्र यंदा वेगळ्याच जागी अडली आहे. दुसरीतल्या एका पोरानं सौदा चालू असताना उठून सांगितलं, की तूर एकोणतीस रुपयाला कुठंच जात नाही, क्विंटलला हजारात भाव असतो, त्याच्या आज्जाला विचारा. वर्गाला ते पटलं. आता रोज सकाळी परिपाठ झाला की पेपरातल्या बाजारभावाचं कात्रण फळ्याला लागतं, आणि त्यातला तुरीचा आकडा कसा वाचायचा यावर पहिलीची लेकरंही भांडतात. हजाराच्या घराला फळ्यावर मी अजून नाव दिलेलं नाही. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या थैल्या तयार आहेत, त्यांची शंभराची पोती लेकरांनीच बांधायला घेतली आहेत, आणि हजारासाठी किती चिंचोके लागतील ते कळल्यावर सगळ्यांनी घरोघरी निरोप धाडला आहे.